कागदावरची चाकोरी

श्रोतेहो, बीड जिल्ह्यांतील नारायणगडास भाविक धाकटी पंढरी म्हणतात. एके काळीं अशा क्षेत्रांच्या वाटा बैलगाड्यांनींच तुडविल्या जात. गाडी घडविणाऱ्या सुताराजवळ कायद्याचें पुस्तक नव्हतें. परंतु दोन चाकांतील अंतर वाटेवरच्या चाकोरीशीं जुळलेंच पाहिजे, हा एक नियम त्यालाही मोडतां येत नसे. तें जुळलें नाहीं तर एक चाक चरांत, दुसरें वर, आणि गाडी कलंडलीच. पुढें बैल गेले, मोटार आली आणि चाकोरी मातींतून उठून कागदावर गेली. तिचा इतिहास आज थोडक्यांत पाहूं.

आरंभ भीतीनें झाला. इ. स. १८६५ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला कीं, वाफेच्या गाडीनें ताशीं चार मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये, गांवांत तर दोनच मैल, आणि तिच्यापुढें साठ यार्डांवर एका मनुष्यानें तांबडें निशाण घेऊन चालावें. आपल्याकडे मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं. १९८८ चा कायदा व त्याखालील केंद्रीय नियम १९८९ च्या जुलैपासून अमलांत आले. या नियमांनीं नव्या वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घेणें कारखानदारांवर बंधनकारक केलें. अशा दोन संस्था महाराष्ट्रांतच आहेत : १९६६ सालीं पुण्यांत स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, आणि बीडला लागूनच असलेल्या अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था.

पण माल समुद्रापार जाऊं लागला, आणि प्रत्येक देशाची चाकोरी निराळी निघाली. यास्तव युरोपांतील राष्ट्रांनीं २० मार्च १९५८ रोजीं जिनीव्हा येथें करार केला. एका देशानें तपासून मान्य केलेला दिवा वा ब्रेक इतर सभासद देशांनीं मान्य करावा, हें त्याचें सार. दिव्याच्या काचेवर वर्तुळांत ‘ई’ अक्षर व आंकडा दिसतो, तो याच कराराचा : १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलंड्स. अमेरिकेनें १९६६ सालीं उलट वाट धरली : कारखानदारानेंच आपल्या गाडीची ग्वाही द्यावी, आणि ती खोटी ठरल्यास परिणाम भोगावे. या भिन्न पद्धतींना जोडणारा दुसरा करार १९९८ सालीं झाला, व त्यांत भारत २००६ सालीं सामील झाला. त्यामुळें चाकणला घडलेली गाडी परदेशीं पाठवितांना त्या त्या देशाची पद्धत, तेथील कलमें आणि त्यांच्या तारखा सांभाळाव्या लागतात.

तारखेचें महत्त्व तें काय, असें कोणी विचारील. १ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराचे ‘भारत स्टेज चार’ हे नियम लागूं व्हावयाचे होते. ही तारीख गाडी बनविण्यास आहे, विकण्यास नव्हे, असें कारखानदारांचें म्हणणें. पूर्वीं जुना माल विकूं दिला गेला होता, हा त्यांचा आधार. सर्वोच्च न्यायालयानें २९ मार्च रोजीं निर्णय दिला कीं, लोकांचें आरोग्य व्यापारी हितापेक्षां मोठें आहे. सबब जुन्या गाड्यांची विक्री व नोंदणी त्या तारखेपासून बंद. सुमारें आठ लक्ष वाहनें तेव्हां विक्रीवांचून पडून होतीं आणि हातीं दोनच दिवस होते. पुढच्या टप्प्याच्या वेळीं, २०१८ सालीं, न्यायालयानें ३१ मार्च २०२० नंतर जुन्या टप्प्याची गाडी विकतां येणार नाहीं, असें आधींच स्पष्ट केलें.

हा पसारा वहीखात्यांत मावेना, म्हणून सॉफ्टवेअरची गरज पडली. त्याचें काम मूळ कल्पनेंत साधें आहे. प्रत्येक नियमाचीं कलमें सुटीं करावयाचीं, आणि प्रत्येक कलमाची गांठ देशाशीं, वाहनाच्या वर्गाशीं, सुट्या भागाशीं, चाचणीशीं व दाखल्याशीं घालावयाची. मग जिनीव्हास एखादें कलम बदललें कीं, आपल्या कोणत्या गाडीचा कोणता भाग पुन्हां तपासावा लागेल, हें तत्काळ समजतें. बनविण्याची, विक्रीची आणि नोंदणीची तारीख मात्र निरनिराळ्या रकान्यांत ठेवावी लागते. तसें न केल्यास २०१७ चा धडा वायां गेला, असेंच म्हणावें लागेल. आणि आतां गाडींतलें सॉफ्टवेअरही नियमाखालीं आलें आहे : त्याची सुरक्षितता व त्यांतील फेरबदल यांवरील संयुक्त राष्ट्रांचे १५५ व १५६ क्रमांकांचे नियम २०२१ च्या जानेवारीपासून अमलांत आले.

तथापि, श्रोतेहो, यंत्र तारीख स्मरणांत ठेवील. शब्दाचा अर्थ लावणें माणसाकडेच राहील. सुताराला चाकोरी डोळ्यांनीं दिसत होती आणि ती कोणासाठीं पडली आहे हेंही तो जाणून होता. ती कागदावर गेल्यानें दिसेनाशी झाली, इतकेंच. रस्त्यानें चालणाऱ्याचा श्वास आणि जीव सुरक्षित राहावा, हा तिचा हेतु जो विसरेल, त्याची गाडी नियमांचे सर्व रकाने भरूनही कलंडेल.