कॉपीरायटरची नोकरी हवीये? मग कव्हर लेटर हीच तुमची पहिली जाहिरात

‘कॉपीरायटर हवाय’ अशी एखाद्या जाहिरात एजन्सीची पोस्ट दिसते. तुम्ही सीव्ही जोडता, मेलमध्ये ‘सीव्ही सोबत जोडला आहे’ एवढंच लिहिता आणि पाठवून देता. इतर नोकऱ्यांत हे खपूनही जाईल. पण अनोळखी माणसाला थांबवून वाचायला लावणं हेच कॉपीरायटरचं काम. मेल उघडणारा क्रिएटिव्ह डायरेक्टरच थांबला नाही, तर गिऱ्हाईक कसं थांबणार?

कव्हर लेटरचं काम काय?

तुम्ही काय शिकलात, कुठे काम केलंत, हे सीव्ही सांगतो. कामाचे नमुने पोर्टफोलिओत असतात. ‘मग मी तुम्हालाच का घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र कव्हर लेटरने द्यायचं असतं. ते मेलच्या मजकुरातच लिहा. दोनशे ते अडीचशे शब्द पुरेत.

एका पत्राने नोकरी मिळते?

रॉबर्ट पिरॉश न्यूयॉर्कमध्ये कॉपीरायटर होते. पटकथा लिहायच्या म्हणून १९३४ मध्ये नोकरी सोडून ते हॉलिवूडला गेले आणि तिथल्या निर्माते-दिग्दर्शकांना एक छोटंसं पत्र पाठवलं. त्यात आपल्याला कोणकोणत्या जातीचे शब्द आवडतात, हेच त्यांनी मजेत सांगितलं होतं. त्या पत्रातून एमजीएम स्टुडिओत लेखकाची नोकरी मिळाली. पुढे ‘बॅटलग्राउंड’ या १९४९ च्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्करही मिळालं.

‘मला लिहिता येतं’ असा दावा करण्याऐवजी पिरॉश यांनी थेट लिहून दाखवलं. घेण्यासारखं आहे ते हेच. त्यांच्या पत्राची नक्कल मात्र करू नका, ते जगभर प्रसिद्ध आहे.

पत्रात काय हवं?

१. पहिली ओळ कामाची. ‘मी आपल्या नामांकित संस्थेत अर्ज करू इच्छितो’ ही ओळ कुठल्याही एजन्सीला चालते, म्हणूनच ती वाया जाते. त्या एजन्सीची एखादी जाहिरात निवडा आणि त्यातलं नेमकं काय आवडलं ते सांगा.

२. विशेषणांऐवजी पुरावा. हे वाचा: ‘मी मेहनती व क्रिएटिव्ह असून मला लेखनाची प्रचंड आवड आहे.’

आता हे: ‘सोलापुरात आमच्या गल्लीतल्या काकू शेंगा चटणी विकतात. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर फक्त दर असायचे. तीन महिने मी रोज एक ओळ लिहून दिली. आता काही गिऱ्हाइकं आजची ओळ कुठली, असं विचारतात.’

दुसऱ्या उताऱ्यात ‘क्रिएटिव्ह’ हा शब्द कुठेही नाही, तरी माणूस दिसतो. फक्त लिहाल ते खरं असू द्या. मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

अनुभव नसेल तर ओळखीच्या एखाद्या वस्तूसाठी स्वतःच दोन-तीन जाहिराती लिहा. त्यावर ‘सरावासाठी’ असं स्पष्ट नमूद करा.

३. शेवटी एक मागणी. ‘भेटून बोलायला आवडेल’ आणि पोर्टफोलिओची लिंक. एवढंच.

मराठी कॉपीरायटरला जास्तीचं काय दाखवावं लागतं?

बऱ्याच जाहिराती आधी हिंदी किंवा इंग्रजीत लिहिल्या जातात आणि मग मराठीत आणल्या जातात. त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला अनेकदा लेखक न समजता अनुवादक समजलं जातं. कामही शेवटच्या घडीला येतं आणि मोबदला शब्दांवर मोजला जातो. हा शिक्का टाळायचा असेल, तर सुरुवात कव्हर लेटरपासूनच करा.

समजा, वॉटर प्युरिफायरची ओळ आहे: ‘आपल्या परिवाराला द्या शुद्धतेचे वरदान.’ व्याकरण बरोबर आहे, पण घरात असं कुणी बोलत नाही. त्याजागी ही पाहा: ‘पाणी उकळायचं राहिलं? राहू द्या.’ रोजच्या घरातली घाई आणि शब्दांचा खेळ मराठीतूनच आला आहे. अशी एक जोडी पत्रात द्या आणि बदल का केला ते एका वाक्यात सांगा. मात्र त्याच एजन्सीची जाहिरात ‘सुधारून’ पाठवू नका.

पत्र कोणत्या भाषेत?

पोस्ट ज्या भाषेत, त्या भाषेत. मेल आधी एचआरकडे गेला आणि तिथे मराठी वाचणारं कुणी नसलं तर? म्हणून इंग्रजी पोस्टला इंग्रजी पत्र आणि त्यात मराठीचे दोन नमुने. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याकडे अगम्य चिन्हांसारखा दिसू शकतो.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

शुद्धलेखन तपासायला हरकत नाही. पण सगळ्यांनी तेच विचारलं, तर सगळ्यांची पत्रंही सारखीच दिसतात. आणि शेंगा चटणीवाल्या काकू फक्त तुम्हालाच माहीत असतात.

पाठवण्याआधी तपासा

• एजन्सीचं नाव बरोबर आहे ना? आधीच्या अर्जातलं तर राहिलं नाही?
• सब्जेक्ट लाइनमध्ये पद आणि तुमचं नाव आहे?
• ड्राइव्हची लिंक परवानगी न मागता उघडते? दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.
• पत्र मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, तिथलं वाक्य तोडा.

आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलवर दोन ओळींची आठवण पाठवा. एकदाच. तोवर पुढच्या एजन्सीसाठी नवं पत्र लिहायला घ्या. जुन्यातलं नाव बदलून भागणार नाही.