गार पडलेली पावलं

साल १९७६. वैशाख सरत आलाय आणि तुम्ही महाड तालुक्यातल्या एका वाडीवर आहात. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच आहे. पावसाआधी लाकूडफाटा पडवीत घ्यायची घाई चाललीय. तुमचा आठ वर्षांचा मुलगा अनवाणीच मोळी उचलायला वाकतो आणि किंचाळतो. जांभ्याच्या गडग्याकडे सरपटणारा विंचू जेमतेम बोटाएवढा, लालसर. काळ्या थोराड विंचवाला तुम्ही जन्मभर भ्यालात, पण जीव घेतो तो हा लाल.

थोड्याच वेळात पोर ओकायला लागतं. घामाने सदरा अंगाला चिकटतो. एवढ्या उकाड्यात त्याची पावलं मात्र गार पडलीत. भगत येतो, मंत्र म्हणतो, राख लावतो. त्यात दोन तास जातात. मग बैलगाडी जुंपून तुम्ही बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठता.

तिथले तरुण डॉक्टर मराठवाड्यातले, जालन्याकडच्या देहेड गावचे. नाव हिंमतराव बावसकर. कपाटात जे आहे ते सगळं ते देतात. पुस्तकांत तरी याहून जास्त कुठे आहे? ते खाटेशी बसून नाडी मोजतात, रक्तदाब घेतात, पुन्हा घेतात, लिहून ठेवतात. पहाटे मुलाला धाप लागते, तोंडाशी गुलाबी फेस येतो. उजाडता उजाडता तुम्ही त्याला चादरीत गुंडाळून घरी आणता.

तुम्हाला तेव्हा ठाऊक नाही, पण त्या टिपणांतच पुढचा उपाय आहे. उलट्या, घाम, गार हातपाय ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ वर्दी असते. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या दाबाशी झुंजून हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. बावसकरांनी ही लक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. विंचू डसतो तो शेतकऱ्याला, लाकडं वेचणाऱ्या बाईला, जमिनीवर निजणाऱ्या लेकराला. त्यांच्यासाठी औषध शोधून कुणाला नफा होणार होता? म्हणून हे काम खेड्यातल्या डॉक्टरच्या वाट्याला आलं. मला ते कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेतल्या शोधाइतकंच थोर वाटतं.

आता १९८६ मध्ये या. जिल्हा रायगड झालाय. तोच गडगा, तीच पडवी, यंदा धाकटी लेक. घाम फुटल्याबरोबर तुम्ही भगताची वाट न बघता तिला महाडला बावसकरांकडे आणता. औषध म्हणजे एक गोळी: प्राझोसिन. रक्तदाबासाठी ती आधीपासून बाजारात होती. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. लेकीला आडवंच ठेवायचं, कारण उठून बसली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा गोळी.

तुम्ही तिचे तळवे हातात धरून बसता. पहिल्या गोळीनंतर गारच. दुसरीनंतरही बोटं गार, घोटा मात्र जरा कोमट. पहाटे अंगठ्यापर्यंत ऊब येते. ती पाणी मागते.

प्राझोसिनच्या आधी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसएक दगावत. नंतर हे प्रमाण एखाददुसऱ्यावर आलं. पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिविष लसही आली. प्राझोसिनच्या जोडीला ती दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे बावसकर दांपत्याने महाडमध्येच अभ्यास करून २०११ साली ‘बीएमजे’त दाखवलं.

तुम्ही परत आजच्या काळात आलात. गावाकडे कुणाला विंचू चावला, घाम फुटला, उलट्या झाल्या, पावलं गार पडली, तर उतारे-मंत्र यांत एक मिनिटही घालवू नका. सरळ दवाखाना गाठा आणि प्राझोसिन आहे का, ते विचारा.