हाताचा अंदाज आणि प्रकाशाची साक्ष

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सुट्या भागाची कड बोटाने चाचपून खोट सांगणारे जाणते कामगार भेटतात. वाद झालाच, तर तो भाग प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवतात. पडद्यावर पडलेली मोठी सावली निकाल देते. माणसाच्या स्नायूंबाबत असा निवाडा कसा करायचा?

पिंपरीच्या अलीकडे, खडकीला, मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. अशा इजेनंतर पायाचे स्नायू अनेकदा ताठरतात. ताठरपणा किती, हे ठरवण्याची जगभरची रूढ रीत हाताचीच आहे. उपचारक रुग्णाचा सैल सोडलेला पाय हलवतो आणि जाणवलेल्या विरोधाला गुण देतो. ० ते ४ ही गुणांची शिडी ब्रायन ॲशवर्थ यांनी १९६४ साली एका औषधाचा परिणाम तपासताना वापरली. १९८७ साली बोहॅनन आणि स्मिथ यांनी तिच्यात '१+' ही पायरी घातली. त्यांच्या चाचणीत ३० रुग्णांच्या कोपरांना दोघा तपासनिसांनी गुण दिले आणि ८६.७ टक्के वेळा ते जुळले.

आकडा चांगला आहे. पण एकमत म्हणजे अचूकता नव्हे. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेले चुकीचे उत्तरही जुळतेच! शिवाय असा स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका अधिक विरोध करतो, आणि हाताचा वेग कोण मोजतो?

यातून सुटण्याची युक्ती रॉबर्ट वार्टेनबर्ग यांनी १९५१ सालीच सुचवली होती. रुग्णाला टेबलाच्या कडेवर बसवायचे, पाय आडवा उचलून सोडून द्यायचा. पाय हलवण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते, त्यामुळे तपासनिसाच्या हाताचा वेग आड येत नाही. निरोगी पाय लंबकासारखा झुलत थांबतो. ताठर पाय पहिल्याच झोक्यात मध्ये अडतो. ल्युब्लियानाच्या बाज्द आणि व्होदोव्निक यांनी १९८४ साली त्याला आकडा दिला: पहिल्या झोक्याचा कोन भागिले पाय अखेर स्थिरावतो तिथपर्यंतचा कोन. घर्षण नसलेल्या आदर्श लंबकात हे गुणोत्तर २ येईल. निरोगी पायात ते सुमारे १.६ येते.

त्यांनी सांध्याला कोनमापक बांधला होता. पुढे हेच काम प्रकाशाकडे आले. त्याचे मूळ जुने आहे: १८८० च्या दशकात एतियेन-ज्युल मारे यांनी काळ्या पोशाखावर पांढऱ्या पट्ट्या लावून चालत्या माणसाची छायाचित्रे घेतली होती. आता पट्ट्यांच्या जागी परावर्तक गोळ्या आणि अवरक्त कॅमेरे आहेत. असे मोजल्यावर हाताच्या गुणांचा ढोबळ क्रम बरोबर निघतो, पण एकाच गुणात बसवलेले दोन पाय लंबक म्हणून वेगळे ठरू शकतात.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. निरोगी विद्यार्थ्याच्या गुडघ्यावर व घोट्यावर पांढरी टिकली लावावी, बाजूने मोबाइलवर चित्रण करावे, एकेक चौकट थांबवून कोन मोजावा आणि गुणोत्तर काढावे. मुद्दाम पाय आवळून धरणारा एखादा निघेलच. त्याचाही आलेख काढावा. तो ताठर पायासारखा दिसेल, कारण कॅमेऱ्याला कोन आणि वेळ एवढेच दिसते.