दुष्काळाच्या शाळेत घडणारे नेतृत्व

सांगोला : पाऊस हुकला, बाजार पडला किंवा संस्था तोट्यात गेली, की लोक प्रथम नेत्याकडे पाहतात. अशा वेळी आश्वासने देणे सोपे असते. स्वतःची समज वाढविणे, राहणी तपासणे आणि चुकलेली दिशा बदलणे मात्र अवघड असते. टंचाईच्या काळात नेत्याने स्वतःला कसे घडवीत राहावे, याचे उदाहरण शोधण्यासाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. सांगोला तालुक्याचे अकरा वेळा प्रतिनिधित्व केलेले शेतकरी कामगार पक्षाचे नेते भाई गणपतराव देशमुख यांची कारकीर्द हा या विषयाचा बोलका दाखला आहे.

पर्जन्यछायेतील तालुका

सांगोला हा माणदेशाचा भाग. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. खरिपाची खात्री नाही, रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर अवलंबून, आणि पाऊस गेला की जनावरे विकून ऊसतोडीला किंवा शहराकडे जाणे, हा येथील अनेक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. येथे आर्थिक मंदी अर्थशास्त्राच्या पुस्तकातून येत नाही. विहिरीच्या तळातून येते.

१९२६ मध्ये जन्मलेले आणि वकिलीचे शिक्षण घेतलेले देशमुख १९६२ मध्ये सांगोल्यातून प्रथम विधानसभेवर निवडून आले. पुढे १९६७ मध्येही ते विजयी झाले. १९७२ च्या निवडणुकीत मात्र त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रावर शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक कोसळला.

दुष्काळाने शिकविलेला धडा

१९७२-७३ च्या दुष्काळात खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी कामे राज्यभर सुरू झाली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. या संकटातून महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट शिकली : हाताला काम मागणे ही याचना नसून तो नागरिकाचा हक्क आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात केलेला रोजगार हमीचा प्रयोग या दुष्काळात राज्याच्या उपयोगी पडला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ मध्ये देशपातळीवरील ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तो आधारभूत ठरला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की पागे यांनी प्रयोग दुष्काळ पडल्यावर नव्हे, तर त्याच्या सात वर्षे आधी केला होता. संकट आल्यावर अभ्यासाला सवड मिळत नाही. ती तयारी बऱ्या वर्षांत करावी लागते.

देशमुख हे १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विधानसभेत आले. त्यानंतरची त्यांची ओळख झाली ती पाणी, रोजगार हमी आणि शेतीच्या प्रश्नांवर तयारीनिशी बोलणारा अभ्यासू आमदार अशी. पक्ष लहान, बहुतांश काळ विरोधी बाकावर. त्यामुळे माहिती हेच त्यांचे मुख्य भांडवल होते. सत्ता नसलेल्या प्रतिनिधीला आकडे आणि नियम ठाऊक असावेच लागतात, अन्यथा त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

पाण्याचा हिशेब

दुष्काळी भागातील नेत्याने शिकण्याचा पहिला विषय म्हणजे पाणी. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्यातील उद्योजक व अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे गेले आणि तेथे त्यांनी पाणी पंचायतीची कल्पना उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊसासारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकाला मनाई, ही त्यातील सूत्रे होती. कारखानदारीचे ज्ञान असलेल्या माणसाने ओढा, माती आणि गावकी यांचा अभ्यास नव्याने केला, तेव्हा हे घडले.

समन्यायी वाटपाचा हाच विचार पुढे कृष्णा खोऱ्याच्या चळवळीत आला. १९९३ पासून सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडी येथे भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्यासह गणपतराव देशमुख या लढ्याच्या अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला देण्याच्या टेंभू व म्हैसाळ योजनांमागे या चळवळीचा रेटा होता. वेगवेगळ्या विचारांचे, वेगवेगळ्या तालुक्यांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे एका मंचावर बसले. टंचाईत शेजारचा तालुका प्रतिस्पर्धी वाटू लागतो. त्याला सोबती करून घेणे हीदेखील नेत्याने अंगी बाणविण्याची कला होय.

ताळेबंद वाचणारा नेता

ज्या तालुक्यात कापूस हे प्रमुख पीक नाही, तेथे सूतगिरणी उभी करणे हे वरवर पाहता धाडसच. देशमुख यांच्या पुढाकारातून सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. हेतू स्पष्ट होता : पावसावर अवलंबून नसलेला रोजगार तालुक्यात निर्माण करणे. राज्यातील अनेक सहकारी सूतगिरण्या कापसाचे चढे भाव, विजेचा खर्च आणि वाढते कर्ज यांमुळे आजारी पडल्या. त्या काळात सांगोल्याच्या गिरणीचे नाव चांगल्या व्यवस्थापनासाठी घेतले जात असे.

सहकारी संस्थेचे अध्यक्षपद म्हणजे केवळ मान नव्हे. कच्च्या मालाची खरेदी कोणत्या भावाने झाली, कर्जाचा हप्ता किती, येणे किती थकले, याची उत्तरे नेत्याला लेखापालाला न विचारता देता आली पाहिजेत. बरकतीच्या काळात ताळेबंदातील चुका झाकल्या जातात. मंदीत त्या उघड्या पडतात आणि तेव्हा किंमत कामगार व सभासद मोजतात.

साधेपणाचे अर्थकारण

एसटीने प्रवास करणारा आमदार अशी देशमुख यांची राज्यभर ख्याती होती. या साधेपणाकडे केवळ कौतुकाने पाहिले जाते. त्यामागील व्यवहार मात्र दुर्लक्षित राहतो. खर्च कमी असलेल्या नेत्याला मिंधे व्हावे लागत नाही. शिवाय एसटीत बसलेल्या माणसाला ज्वारीचा भाव, चाऱ्याची टंचाई आणि मजुरीचा दर अहवालाशिवाय कळतो. अडचणीच्या काळात नेता आणि लोक यांच्यातील अंतर वाढले, की त्याची माहिती शिळी होत जाते.

पराभवानंतर

१९९५ मध्ये देशमुख यांना शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या १९२ मतांनी पराभव पत्करावा लागला. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीला टेकले होते. १९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. त्यापूर्वी १९७८ मध्ये शरद पवार यांच्या मंत्रिमंडळातही त्यांनी काम केले होते. २००४, २००९ आणि २०१४ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला. २०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढविली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. निसटत्या पराभवाचे खापर इतरांवर फोडणे सहज शक्य असते. त्याच मतदारांकडे पुन्हा जाऊन पुढली चार वर्षे काम करणे, हा स्वतःला सुधारण्याचा कठीण पण खात्रीचा मार्ग आहे.

नव्या संकटाची परीक्षा

१९९० मध्ये राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि सांगोल्याचे चित्र पालटू लागले. कमी पाण्यावर तग धरणाऱ्या डाळिंबाने माळरानांना भाव आला. २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली.

परंतु एका पिकावर उभी राहिलेली समृद्धी एका रोगाने हादरते, हेही येथेच दिसले. तेल्या, मर आणि खोडाला छिद्रे पाडणारा भुंगेरा यांमुळे अनेक शेतकऱ्यांनी बागा काढून टाकल्या. बागेसाठी काढलेले कर्ज मात्र तसेच राहिले. आजच्या सरपंचापुढे, सोसायटीच्या अध्यक्षापुढे आणि आमदारापुढे असलेला प्रश्न हाच आहे. १९७२ चा नेता पाझर तलाव शिकला. आजच्या नेत्याला रोगमुक्त रोपे, पीकविमा, निर्यातीचे निकष आणि बाजारभाव शिकावे लागतील.

नेत्याने स्वतःला विचारावयाचे प्रश्न

या साऱ्या अनुभवातून काही साधे प्रश्न हाती लागतात. गावात यंदा किती पाणी आहे आणि ते कोणाच्या वाट्याला जाते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? आपल्या संस्थेचा ताळेबंद आपण स्वतः वाचला आहे काय? गेल्या वर्षभरात शेतकरी, शास्त्रज्ञ किंवा विरोधक यांपैकी कोणाकडून आपण नवे काही शिकलो काय? लोकांना काटकसर सांगताना आपला खर्च कमी केला काय? आणि आपल्यानंतर हे काम सांभाळणारी माणसे तयार होत आहेत काय?

या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी पैसा लागत नाही, सवड आणि प्रामाणिकपणा लागतो. पाऊस नेत्याच्या हाती नसतो. पुढचा दुष्काळ येण्यापूर्वी त्याची तयारी करणे मात्र निश्चितच त्याच्या हाती असते.