सकळ लिपी आणि ग्रंथाचे स्वामित्व

परतवाड्याच्या पूर्वेस, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ स्थान आहे. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा इ. स. १२७८ च्या सुमारास येथेच ग्रथित केल्या. मराठी गद्याच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखात तिच्या उत्तरकालाचा विचार ग्रंथस्वामित्वाच्या दृष्टीने करावयाचा आहे.

पंथीय परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली व शिष्यांनी स्मरणाने तिची पुनर्रचना केली. त्यामुळे पाठभेद उत्पन्न झाले, आणि पाठ शुद्ध राखण्याची चिंताही वाढली. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. देवनागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजावयाचे, हे सकळ लिपीचे मुख्य तत्त्व. तिचे कर्तृत्व ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांकडे दिले जाते. सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा आणखीही लिप्या होत्या. ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडला तरी त्याचा अर्थ त्याच्या हाती पडू नये, अशी ही व्यवस्था होती.

आजचा वाचक हिला सहजच ‘कॉपीराइट’चे प्राचीन रूप म्हणेल, परंतु हे साम्य वरवरचे आहे. ‘बौद्धिक संपदा’ या एका नावाखाली आज जे कायदे एकत्र आणले जातात, त्यांचे हेतू परस्परभिन्न आहेत. इंग्लंडचा १७१० चा ग्रंथविषयक कायदा मुद्रणव्यवसायाच्या पोटी जन्मला. हिंदुस्थानात १८४७ व १९१४ चे कायदे त्याच परंपरेतून आले. १९५७ च्या अधिनियमातील प्रताधिकार हा लेखकाच्या शब्दरचनेस, त्याच्या हयातीत व मरणोत्तर मर्यादित काळ, संरक्षण देतो. ती मुदत मूळची पन्नास वर्षांची होती. १९९२ मध्ये ती साठ वर्षांची झाली. एकस्व, म्हणजे पेटंट, ही तर एक देवघेवच आहे: संशोधकाने आपली युक्ती जगापुढे उघड करावी आणि त्या मोबदल्यात काही वर्षे अनन्य हक्क भोगावा. व्यापारचिन्ह मालाचे मूळ ओळखू देते, तर १९९९ च्या अधिनियमातील भौगोलिक मानांकन स्थानाची कीर्ती राखते. नागपुरी संत्र्यास ते २०१४ मध्ये मिळाले.

यांपैकी कोणत्याच शाखेत सकळ लिपी बसत नाही. म्हाइंभट हे संग्राहक, वचने चक्रधरांची. नकलेच्या विक्रीतून लाभ मिळवावा असा हेतू येथे नाही, मुदतीची कल्पना नाही, आणि प्रकटीकरण तर टाळावयाचेच होते. साम्य असेलच तर ते व्यापारगुपिताशी आहे. व्यापारगुपितासाठी भारतात स्वतंत्र अधिनियम नाही. करार व विश्वास यांच्याच आधारे न्यायालये त्याचे रक्षण करतात. हेतूचा विचार केला तर १९५७ च्या अधिनियमातील सत्तावन्नावे कलमही आठवते. कृतीचा विपर्यास करून लेखकाच्या लौकिकास बाध आणू नये, असे ते सांगते. मात्र तेथे रक्षण व्यक्तीच्या लौकिकाचे होते. पंथास रक्षावयाचे होते ते वचन.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयाची ओळख घडविली, य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये आले. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग संपादिले, आणि वि. भि. कोलते यांची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. या प्रकाशनामुळे यादवकालीन बोलत्या मराठीचा अमूल्य पुरावा अभ्यासकांस उपलब्ध झाला. भाषाशास्त्राचा लाभ निर्विवाद आहे. परंतु ज्यांनी शतकानुशतके पोथ्या जतन केल्या, त्यांचा हक्क कोणत्या कलमाखाली येतो? कोणत्याच नव्हे. तेराव्या शतकातील संहितेवर प्रताधिकार नाही, आणि गुपित एकदा उघड झाले की ते गुपित राहत नाही.

संपादकाचे स्थान मात्र वेगळे आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात, डिसेंबर २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम प्रताधिकारास पुरेसे मानले नाहीत. कौशल्य, विवेक व किमान सर्जकता यांची अपेक्षा केली. तो वाद न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींचा होता. तरी त्याचे तत्त्व पोथीसंपादनास लावले असता, केवळ नक्कल करणाऱ्याचा हक्क दुर्बळ ठरतो, तर प्रस्तावना, टीपा आणि विवेकपूर्ण पाठनिर्णय करणाऱ्याचा सबळ ठरतो, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

तात्पर्य, येथे तीन नाती आहेत: कर्त्याचे, संपादकाचे आणि जतन करणाऱ्याचे. पहिल्या दोहोंस कायदा ओळखतो. तिसऱ्यास ओळखत नाही. म्हणूनच पोथी पाहावयास मागणाऱ्या अभ्यासकाने कायद्याने मोकळी ती आपली असे मानू नये. ती कोणाकडून लाभली हे नमूद करणे, पाठ न बदलणे व पवित्र मानलेल्या मजकुराचा उपयोग मर्यादेने करणे, ही बंधने त्याने स्वतःहून पाळावीत. सकळ लिपीची किल्ली आपल्या हाती आली, याचा अर्थ तिच्यामागील प्रश्न सुटला असा नव्हे.