तलावातला गाळ शेतात टाकताय? आधी हे वाचा

तामसी (जि. आदिलाबाद) : तलाव उपसला की पहिला प्रश्न येतो, गाळ टाकायचा कुठे? तलावाच्या काठावर ढीग मारला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो परत तलावात. म्हणून गाळाची खरी जागा शेत. पण प्रत्येक शेत नाही.

तेलंगणात मिशन काकतीय ही तलाव दुरुस्तीची योजना 2015 मध्ये सुरू झाली. राज्यातल्या 46 हजारांवर तलावांचे काम टप्प्याटप्प्याने करायचे ठरले. गाळ काढण्याचा खर्च सरकारचा, वाहून नेण्याचा शेतकऱ्याचा. महाराष्ट्रात 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. 2023 मध्ये ती पुन्हा सुरू करताना अल्प व अत्यल्प भूधारकांना वाहतूक व पसरवण्यासाठी घनमीटरला 35.75 रुपये अनुदान ठरले.

कोणत्या जमिनीला चालतो?
हलकी, मुरमाड, बरड जमीन असेल तर गाळ सोन्यासारखा. त्यातली बारीक माती ओल धरून ठेवते, सेंद्रिय कर्बही मिळतो. पावसाने ताण दिला तर कपाशी जास्त दिवस तग धरते. भारी काळ्या जमिनीत मात्र उलटे होते; आधीच निचरा कमी, त्यात गाळाची भर पडली की पाणी तुंबते, मुळे कुजतात. चोपण जमिनीतही टाकू नये.

किती टाकायचा?
एकर म्हणजे सुमारे 4 हजार चौरस मीटर. एक इंच थराला साधारण 100 घनमीटर गाळ लागतो. ट्रॉलीत 3 घनमीटर बसतो असे धरले तर 33-34 खेपा. त्यामुळे शेत लांब असेल तर डिझेलचा हिशोब आधी करावा.

काळजी काय घ्यायची?
गाळ आणि जमीन, दोन्हींचे नमुने माती परीक्षणाला द्यावेत. सामू आणि क्षारता जास्त निघाली तर गाळ नको. गावाचे सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी येणाऱ्या तलावाचा गाळ तपासल्याशिवाय उचलूच नये. गाळ उन्हात वाळवून, ढेकळे फोडून, सारखा पसरावा आणि पावसाआधी नांगरून मातीत मिसळावा. नुसता वरवर टाकलेला गाळ पावसात वाहून जातो. पहिल्या वर्षी अर्ध्या एकरात टाकून बघावा. एकदा पसरलेला गाळ परत उचलता येत नाही.