पुठ्ठ्याच्या खोक्यातली पृथ्वी

भूकंप म्हटलं की आपल्याला किल्लारी आठवते, पडलेली घरं आठवतात. आज आम्ही हजारो मैलांवर कुणालाही न जाणवणाऱ्या हादऱ्याबद्दल बोलणार आहोत.

इंगे लेमान ही डेन्मार्कची बाई, जन्म 1888 चा. तिच्या शाळेत मुलगेही शिवणकाम शिकत आणि मुलीही फुटबॉल खेळत. (आमच्या गटात यावर बराच हशा झाला!) 1929 मध्ये न्यूझीलंडला मोठा भूकंप झाला. त्याच्या नोंदी ती तपासत होती. पृथ्वीचा गाभा द्रवरूप आहे असं तेव्हा मानत, त्यामुळे ठरावीक पट्ट्यात लहरी पोचायला नकोत. पण रशियातल्या केंद्रांवर बारीक रेघा उमटल्या होत्या. इतरांनी अशा रेघांकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. तिने मात्र ओटच्या रिकाम्या खोक्यांत कार्डं लावून, प्रत्येक लहर किती वाजता कुठे पोचली ते मांडलं. 1936 मध्ये तिने सांगितलं, की त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि लहरी त्याच्यामुळे वळतात.

पण रेघ अंधुक असली की ती लहर आहे की वाऱ्याची, गुराढोरांची थरथर, हे एका यंत्रावरून कसं ओळखायचं? यासाठी यंत्रांचाच गट करतात. 1965 मध्ये अमेरिकेत मोंटाना राज्यात सुमारे 200 किलोमीटरच्या पसाऱ्यात 525 यंत्रं पुरली, 25-25 च्या 21 गटांत. खरा हेतू होता परक्या देशांचे अणुस्फोट पकडण्याचा. प्रत्येक यंत्राचा गोंगाट वेगळा, लहर मात्र सगळ्यांची एकच. ती प्रत्येकीकडे थोडी पुढेमागे पोचते. तेवढा वेळ सरकवून नोंदी एकमेकींत मिळवल्या, की 25 यंत्रांवर लहर 25 पट होते, गोंगाट साधारण पाचपटच. शिवाय पृथ्वीच्या पोटातून सरळ वर येणारी लहर सगळ्या यंत्रांना जवळजवळ एकदमच लागते, तिरकी आलेली पुढेमागे. त्यावरून कोणती लहर कुठून आली ते कळतं.

याच मोंटानाच्या यंत्रांवर, आतल्या गाभ्यावर आपटून परतलेल्या लहरी ओळखल्या गेल्या. हे 1970 चं साल. आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्राचा असाच यंत्रगट कर्नाटकात गौरीबिदनूरला आहे.

मोंटानाची बातमी आली तेव्हा इंगेबाई ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. 1971 मध्ये त्यांना अमेरिकेचं मोठं पदक मिळालं. त्या 104 वर्षं जगल्या. गेल्या 1993 च्या फेब्रुवारीत, किल्लारीच्या सात महिने आधी.